हलकी रायफल व तिचें काडतूस

रात्रभर माळ्यावर जागून सकाळीं भुईमुगाचें उकरलेलें शेत पाहण्याचा प्रसंग ज्यावर आला आहे, त्यास रानडुकराविषयीं कांहीं सांगावयास नको. अशा शेतकऱ्यांपैकीं ज्यांचेजवळ शस्त्रपरवाना आहे, त्यांतील कांहीं जण हल्लीं जुनी जड रायफल देऊन नवी हलकी रायफल घेऊं पाहतात. कोणती रायफल घ्यावी हें ज्यानें त्यानें ऐपतीप्रमाणें ठरवावें. परंतु नवी रायफल व दुकानांतून आणलेलें कारखान्याचें काडतूस यांचें जुळतें कीं नाहीं, हें चांदमारीवर पाहिल्यावांचून ती शेतावर नेऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

प्रथम कायद्याची गोष्ट. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीस मनाई केली आहे. रानडुक्कर व रोही हीं जनावरें त्या कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टांत आहेत. तीं उभ्या पिकास धोकादायक झालीं असतील, तर कलम ११ प्रमाणें मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनीं अधिकार दिलेला अधिकारी लेखी परवानगी देऊं शकतो. तिच्यावांचून गोळी झाडणें हा गुन्हा होय. परवानगी हातीं आल्यावर मात्र दुसरी जबाबदारी सुरू होते. अर्धवट जखमी झालेलें डुक्कर उसांत शिरलें, तर दुसऱ्या दिवशीं पाचट काढावयास येणाऱ्या बायामाणसांच्या जिवाशीं गांठ पडते. शिवाय मुक्या प्राण्याचे हाल होतात तें वेगळेंच.

आतां हलकेपणाविषयीं. अमेरिकेंत विंचेस्टर कारखान्यानें १९५२ सालीं आपल्या ७० क्रमांकाच्या रायफलीचा ‘फेदरवेट’, म्हणजे पिसासारखा हलका, नमुना काढला. पुढें इतर कारखान्यांनींही असे नमुने काढले. डोंगर चढतांना हलकें हत्यार बरें, यांत शंका नाहीं. पण वजन घटतें तें बहुधा नळी बारीक व आंखूड केल्यानें आणि दस्ता हलका केल्यानें. तेंच काडतूस चार किलोंच्या रायफलीऐवजीं तीन किलोंच्या रायफलींतून उडविलें, तर धक्क्याचा जोर सुमारें एक तृतीयांशानें वाढतो. त्या धक्क्याच्या धास्तीनें घोडा हिसक्यानें ओढला जातो. बारीक नळी लवकर तापते, आणि तापलेल्या नळींतून सुटलेली गोळी पहिल्या गोळीच्या जागीं लागेलच असा भरंवसा नसतो.

काडतुसांचेंही तसेंच आहे. ३०-०६ मापाच्या काडतुसांत १५०, १६५ व १८० ग्रेन वजनाच्या गोळ्या मिळतात. डबीवर छापलेला वेग कारखान्यांतील चांचणीच्या नळीवर मोजलेला असतो; आंखूड नळींत तो कमी भरतो. बार उडतांना नळी थरथरते, व प्रत्येक जातीची गोळी त्या थरथरीच्या निराळ्या क्षणीं बाहेर पडते. म्हणून नेम एकच असूनही गोळ्या निरनिराळ्या जागीं बसतात. आमच्या एका मित्राच्या नव्या रायफलींत आम्हीं तीन प्रकारचीं काडतुसें उडवून पाहिलीं. शंभर मीटरांवर एका प्रकारच्या तीन गोळ्या चार बोटांत बसल्या. सर्वांत महाग प्रकारच्या गोळ्या वीतभर पसरल्या. डुकराच्या पुढच्या पायामागील मर्मस्थान मुळीं वीतभरच असतें. तेव्हां किंमत पाहून काडतूस निवडणें म्हणजे पिशवी पाहून बियाणें घेणें होय.

कसोटी अवघड नाहीं. परवाना असलेल्या चांदमारीवर, समोर मातीचा भक्कम बांध असतांनाच ती घ्यावी. कारण अशी गोळी तीन-चार किलोमीटर सहज जाते. दस्त्याचे स्क्रू घट्ट आहेत कीं नाहींत हें आधीं पाहावें. रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवून एका प्रकारच्या तीन गोळ्या झाडाव्या, नळी हाताला थंड लागेपर्यंत थांबावें, मग दुसरा प्रकार घ्यावा. जें काडतूस गोळ्या जवळ बसवील, त्यावरच माशी किंवा दुर्बीण जुळवावी व पुढें तेंच वापरावें. थंड नळीची पहिली गोळी कोठें बसते हें विशेष लक्षांत ठेवावें; शेतावर बहुधा तेवढीच संधि मिळते.

यावर कोणी म्हणेल, काडतुसें महाग, आणि परवान्यावर त्यांची संख्याही ठरलेली. तीं मातींत कशीं घालावीं? हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच आमची सूचना अशी कीं, परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यांनीं संख्या ठरवितांना कसोटीचीं काडतुसें हिशेबांत धरावीं, आणि शेतकरी संघांनीं आपल्या परवानाधारक सभासदांस वर्षांतून एकदां चांदमारीवर एकत्र न्यावें. बियाणें ओल्या गोणपाटांत घालून शंभरांत किती दाणे उगवतात हें पाहणारा शेतकरी त्या शंभर दाण्यांस नुकसान म्हणत नाहीं. चांदमारीवर उडविलेलीं दहा काडतुसेंही त्याच हिशेबीं धरावीं, अशी आमच्या वाचकांस विनंती आहे.