माणूस विकत मिळतो, भरवसा नाही

आता खेळाडूंचाही कापडाच्या ठाणासारखा सौदा होतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबई इंडियन्सने हार्दिक पांड्याला रोख मोबदला देऊन गुजरात टायटन्सकडून परत आणले. डिसेंबरात, पाच वेळा आयपीएल जिंकून देणाऱ्या रोहित शर्माच्या जागी त्याला कर्णधार केले. कागदावर सौदा चोख होता. हार्दिकने २०२२ मध्ये गुजरातला विजेतेपद मिळवून दिले होते. पण २०२४ मध्ये वानखेडेवर मुंबईच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली आणि संघ दहावा, म्हणजे शेवटचा आला.

परभणीच्या बाजारातही गिऱ्हाईक पाटी पाहून नव्हे, जुन्या कटिंग मास्तरच्या हातावर विसंबून येते. हा भरवसा वहीत लिहिलेला नसतो, म्हणून मालक तो मोजत नाही. नवा कारागीर जरूर आणा. पण आधी जुन्याला इज्जतीने विश्वासात घ्या, गिऱ्हाइकालाही सांगा. नाहीतर बोल नव्या माणसाला लागतो. जून २०२४ मध्ये रोहितच्याच नेतृत्वाखाली हार्दिकने विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातले शेवटचे षटक टाकून विजय पक्का केला, त्यानंतर त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा जयघोष झाला. कसब त्याच्या हातात होतेच. घाई मालकांची होती.