सरळ किरणाची नोंद

पावसाची एखादी सर पडून हवा धुतली गेली, की क्युपर्टिनोतून पूर्वेकडच्या डोंगररांगेवर काही पांढरे ठिपके दिसतात. माउंट हॅमिल्टनच्या माथ्यावरील लिक वेधशाळेचे ते घुमट. आपल्यापैकी अनेकांनी ते गाडी चालवताना पाहिले असतील आणि पाण्याच्या टाक्या समजून सोडून दिले असतील. पहिली दोन वर्षे मीही तसेच समजत होतो.

या वेधशाळेत हेबर कर्टिस नावाचे खगोलशास्त्रज्ञ काम करीत. १९१८ मध्ये त्यांनी ७६२ तेजोमेघ व तारकागुच्छांची वर्णने प्रसिद्ध केली. ही सर्व छायाचित्रे ३६ इंची आरशाच्या क्रॉसली दुर्बिणीतून काचेच्या पट्ट्यांवर घेतलेली होती. वर्णने अगदी आटोपशीर आहेत. त्यांतच एम ८७ ची नोंद आहे. फ्रेंच ज्योतिर्विद मेसिए यांनी १७८१ मध्ये आपल्या यादीत घातलेला हा एक धुरकट गोळा. त्यात सर्पिल रचना दिसत नाही, असे कर्टिस यांनी लिहिले. आणि पुढे, एक विचित्र सरळ किरण बारीक रेषेने केंद्राशी जोडलेला दिसतो, असेही लिहिले. किरण कशाचा, का, कसा, यावर अवाक्षर नाही. एम ८७ ही आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका आहे, हेही तेव्हा ठरायचे होते. त्या वादात १९२० मध्ये वॉशिंग्टन येथे हार्लो शॅप्ली यांच्यासमोर बाहेरच्या दीर्घिकांची बाजू मांडणारे हेच कर्टिस.

आज आपल्याला पुष्कळ ठाऊक आहे. एम ८७ ही कन्या दीर्घिका-समूहाच्या मध्यभागी असलेली प्रचंड लंबवर्तुळाकार दीर्घिका. तिला बाहू नाहीत, तबकडी नाही. नवे तारे घडवण्याजोगा थंड वायू जवळजवळ संपलेला. उरले ते बहुतांशी वृद्ध, पिवळसर तारे. एकाहून अधिक दीर्घिका एकमेकींत मिसळत गेल्या, की असे रूप येते, आणि समूहाच्या दाटीत ते अधिक आढळते. तिचे अंतर सुमारे ५.४ कोटी प्रकाशवर्षे. हा आकडा मला नेहमी अजिंठ्याकडे घेऊन जातो. ज्या काळ्या पाषाणात अजिंठा आणि कार्ल्याची लेणी कोरली गेली, त्याचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिला. म्हणजे आज आपल्या डोळ्यांत शिरणारा एम ८७ चा प्रकाश तिथून निघाला, तेव्हा सह्याद्रीचा खडक थंड होऊन लक्षावधी वर्षे लोटली होती. भिक्खूंच्या छिन्नीखाली आलेला दगड या प्रकाशाहून वयाने मोठा आहे.

किरणाचे कोडे मात्र हळूहळू सुटले. १९४९ मध्ये आकाशातील एका प्रखर रेडिओ-स्रोताची एम ८७ शी सांगड घातली गेली. १९५६ मध्ये वाल्टर बाडे यांनी किरणाचा प्रकाश ध्रुवित असल्याचे दाखवले. चुंबकीय क्षेत्रात प्रकाशाच्या जवळपास वेगाने धावणारे इलेक्ट्रॉन असा प्रकाश देतात. (१९५६ हे वर्ष आपल्या घरांत वेगळ्या कारणाने स्मरले जाते. हा योगायोग आहे, त्यापलीकडे काही नाही.) केंद्रातील कृष्णविवराभोवतून उसळलेला हा झोत हजारो प्रकाशवर्षे लांब आहे. त्या कृष्णविवराच्या सावलीचे चित्र १० एप्रिल २०१९ रोजी जगाने पाहिले. त्याचे वस्तुमान सुमारे ६५० कोटी सूर्यांइतके.

१९१८ च्या त्या नोंदीजवळ मी थांबतो, त्याला कारण आहे. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले आणि २७ जानेवारी १९१९ रोजी त्यांनी मताधिकाराविषयीच्या साउथबरो समितीपुढे साक्ष दिली. सरकारी रकान्यात ‘हिंदू’ हा एकच शब्द होता. स्पृश्य आणि अस्पृश्य हे प्रत्यक्षात दोन वेगळे गट आहेत, हे त्यांनी लेखी मांडले. तेव्हा त्यांचे वय होते २७.

२०२३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने एस. बी. ४०३ हे विधेयक संमत केले. भेदभावविरोधी कायद्यात जातीचा स्पष्ट उल्लेख यावा, एवढीच त्याची मागणी. ७ ऑक्टोबर रोजी गव्हर्नर न्यूसम यांनी नकाराधिकार वापरला. असा भेदभाव सध्याच्या कायद्यांनीच निषिद्ध असल्यामुळे विधेयक अनावश्यक आहे, असे कारण त्यांनी दिले. असलेल्या रकान्यात बसते, मग नवा रकाना कशाला? कर्टिस यांच्यापुढेही ‘तेजोमेघ’ हा रकाना तयार होता आणि किरण न लिहिता तो भरता आला असता. तुलना याहून ताणणार नाही; किरणाला कोणी जेवणाच्या टेबलावरून उठवलेले नव्हते.

मला उठवले होते, असेही म्हणता येणार नाही. एका जुन्या नोकरीत एका सहकाऱ्याने आधी आडनाव विचारले, मग गाव, मग वडील काय करीत. पुढच्या आठवड्यापासून जेवायला निघताना मला हाक येईनाशी झाली. यात तक्रार करण्याजोगे काय घडले, हे मला तेव्हा सांगता आले नसते, आजही नीट सांगता येत नाही. पण त्या दिवसाची तारीख आणि विचारलेले प्रश्न, ज्या क्रमाने विचारले त्या क्रमाने, मी वहीत उतरवून ठेवले. ती वही अजून आहे.

एप्रिलच्या एका रात्री नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन मागच्या अंगणात आठ इंची दुर्बीण लावली. उत्तरा फाल्गुनी आणि विंडेमियाट्रिक्स हे दोन तारे सापडले, की त्यांच्या साधारण मधोमध शोधायचे. (कन्या रास म्हटले की कुणाला पत्रिका आठवेल, आपला संबंध दिशेपुरता.) खोऱ्यातल्या दिव्यांनी आकाश भुरकटलेले, तरी पंधरा मिनिटांनी कापसाच्या बोळ्यासारखा एक ठिपका सापडला. किरण दिसेल, अशी तिची खात्री होती; मी तिला त्याचे छायाचित्र आधी दाखवले, ही माझीच चूक. अशा दुर्बिणीतून आणि अशा आकाशात तो दिसत नाही. तिने बराच वेळ डोळा लावून ठेवला, मग लाल टॉर्चच्या उजेडात आपल्या वहीत लिहिले: ‘गोल. पुसट. मध्ये जास्त उजेड. किरण दिसला नाही.’ आणि खाली तारीख घातली.