बोअरवेलचे पाणी गोड आहे, पण तपासले का?



किनाऱ्यावरच्या वस्त्यांत पाण्याची परीक्षा जिभेवर होते. खारे किंवा मचूळ लागले तर वाईट, गोड लागले तर चांगले. विजयदुर्गात एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला वाघोटनची खाडी, तेव्हा ही सवय समजण्यासारखी आहे. पण फ्लोराइडला चव नाही, वास नाही, रंगही नाही. ते जिभेला कळत नाही.

फ्लोराइड खडकातून पाण्यात उतरते. थोडे असले तर दातांवरचे कवच घट्ट होते, कीड कमी लागते. म्हणून अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्स शहराने १९४५ साली ते नळाच्या पाण्यात मुद्दाम मिसळायला सुरुवात केली. आपल्याकडे असे मिसळत नाहीत, आणि माझ्या मते ते बरोबर आहे. आपला प्रश्न उलटा आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांतल्या अनेक गावांत ते जमिनीतूनच जास्त येते. लहानपणी असे पाणी प्यायलेल्या मुलांच्या दातांवर पांढरे, पिवळे, तपकिरी चट्टे कायमचे राहतात. वर्षानुवर्षे तेच पाणी पोटात गेले की सांधे आखडतात, कंबर वाकते. वाकलेली हाडे औषधाने सरळ होत नाहीत. खाण्यात दूध, भाजी, फळ कमी असेल तर त्रास अधिक, म्हणजे गरिबाच्या घरी अधिक.

त्या चट्ट्यांबद्दल एक सांगायलाच हवे. लोक ते बघतात आणि म्हणतात, दात घासत नाही, नाहीतर मशेरी लावते. आपल्या माणसांना अस्वच्छ म्हणायला कारण लागत नाही. फ्लोराइडचा डाग घासून जात नाही, हे निदान आपण तरी लक्षात ठेवू. (मशेरी सोडाच, पण ती वेगळ्या कारणासाठी. ती तंबाखू आहे.)

आपल्या जांभ्यातल्या उथळ विहिरी पावसावर भरतात. त्यांत फ्लोराइड सहसा कमीच असते. मग मी हे इथे का लिहिते? एप्रिल-मे आला की विहिरी तळ गाठतात आणि वस्ती बोअरवेलवर येते. बोअर खोल जाते, खडक बदलतो, पाणीही बदलते. विहिरीचा रिपोर्ट बोअरला लागू होत नाही. भारतीय मानकाप्रमाणे लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड ठीक. दुसरे पाणीच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात.

उकळून फ्लोराइड जात नाही. पाणी आटते, ते तेवढेच राहते. साध्या कँडल फिल्टरनेही जात नाही. आरओने कमी होते, पण तपासणीआधी हप्त्यावर मशीन घेऊ नका. विकणारा फक्त भीती विकतो. फ्लोराइड जास्त निघालेच, तर पिण्या-स्वयंपाकापुरते पाणी दुसऱ्या चांगल्या स्रोतातून मागा, आणि ते पुरवणे ही ग्रामपंचायतीची जबाबदारी आहे.

टूथपेस्टमधल्या फ्लोराइडला मात्र घाबरू नका. जिथे पाण्यात ते कमी, तिथे दाताला पेस्टचाच आधार. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढे वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. गिळू देऊ नका, थुंकायला शिकवा.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायले, ते याच कोकणात. आज पाणी आपल्या दारात आहे, तर त्यात काय आहे हे विचारायला कचरू नका. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायचे किट आणि प्रशिक्षण द्यायचे ठरलेले आहे. त्यात फ्लोराइडची चाचणी असते. त्या पाचांत आपल्या वस्तीतली एक तरी आहे का, हे आधी बघा. स्रोताची रासायनिक तपासणी वर्षातून एकदा व्हायला हवी. जलसुरक्षकाला विचारा: आमच्या बोअरचा नमुना कधी नेला? आकडा किती आला? तोंडी उत्तर घेऊ नका. १ मेच्या ग्रामसभेत महिला मंडळाच्या सह्यांचा अर्ज द्या आणि पोच घ्या. रिपोर्ट आला की त्याची एक प्रत विहाराच्या फळ्यावर लावा.