हिसकावलेले विजेतेपद आणि लिंकन फिलिप्स

गुणवत्ता नाही, असे म्हणता येते तोवर व्यवस्था निर्धास्त असते. गुणवत्ता सिद्ध झाली की मग नियमावली उघडली जाते. अमेरिकेतील हॉवर्ड या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठाच्या फुटबॉल संघाच्या वाट्याला नेमके हेच आले. प्रशिक्षक लिंकन फिलिप्स त्रिनिदादचे. 1967 च्या पॅन-अमेरिकन स्पर्धेत कांस्यपदक मिळवणाऱ्या संघाचे गोलरक्षक. त्यांचे खेळाडूही बहुतेक कॅरिबियन बेटांतले आणि आफ्रिकेतले. 1971 च्या अंतिम सामन्यात या पोरांनी बलाढ्य सेंट लुईसला 3-2 असे हरवून राष्ट्रीय विजेतेपद पटकावले.

1973 मध्ये एनसीएए या नियामक संघटनेने काही खेळाडू अपात्र ठरवून ते काढून घेतले. एकोणीस वर्षे वयानंतर मायदेशी खेळलेली वर्षे म्हणे पात्रतेतून वजा होतात! हा नियम फक्त परदेशी विद्यार्थ्यांना. विद्यापीठ न्यायालयात गेले. इतर काही नियम टिकले. हा मात्र समान संरक्षणाच्या तत्त्वाविरुद्ध ठरून रद्द झाला. विजेतेपद तरीही परत मिळाले नाही.

फिलिप्स रडत बसले नाहीत. 1974 च्या हंगामात त्यांच्या संघाने 19 पैकी 19 सामने जिंकले. अंतिम सामना पुन्हा सेंट लुईसशीच, तोही त्यांच्याच शहरात, त्यांच्याच प्रेक्षकांसमोर. चार वेळा जादा वेळ द्यावा लागला, तेव्हा कुठे हॉवर्डचा दुसरा गोल झाला. 2-1! या वेळी काढायला एकही कलम सापडले नाही. 1971 च्या विजेत्याची जागा मात्र अधिकृत नोंदीत आजही रिकामी आहे.