डॅफोडिल न पाहिल्याची फिर्याद

गिरगावात किंवा लालबागेत चाळीत वाढलेल्या, मराठी शाळेत शिकणाऱ्या मुलाला इंग्रजी कवितेतील उपमा-रूपके कळणे दुरापास्त, कारण त्याने ना हिमवर्षाव पाहिला ना डॅफोडिलची फुले, असा पूर्वपक्ष वर्षानुवर्षे मांडला जातो. आणि त्याच्या आधारे कविता बाजूस सारून, ‘लाइक’ वा ‘ॲज’ दिसले की सिमिली, न दिसले की मेटॅफर, एवढाच ठोकताळा मुलांकडून घोकून घेतला जातो. ही फिर्याद मला मुळातच नामंजूर आहे.

न पाहिलेली वस्तू हाच अडसर असता, तर कुमारसंभवातील हिमालयही याच मुलांना दुर्बोध व्हावयास हवा होता. तेथे कोणी हरकत घेत नाही. वर्ड्‌स्वर्थच्या १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या कवितेतील डॅफोडिल अपरिचित, म्हणूनच विद्यार्थी सावध होऊन ‘हे कसले फूल?’ असे विचारतो. त्याला चकवितो तो आरंभीचा ढग. कवीने तो आपल्या एकाकी भ्रमंतीचे उपमान म्हणून योजिला. परंतु जूनमध्ये चौपाटीसमोर फळी धरून येणारे मेघ आणि त्यांनी तुंबविलेले हिंदमाता ज्याने पाहिले, त्याच्या मनात ढगाबरोबर एकटेपणा कसा यावा? शेक्सपिअरच्या अठराव्या सुनीताचेही तेच. मे महिन्यात परळला पत्र्याखाली घामाने निथळणाऱ्या मुलास, प्रिय व्यक्तीपुढे उन्हाळ्याच्या दिवसाचा विषय काढणे ही निंदाच वाटेल, जोवर इंग्लंडचा उन्हाळा सौम्य, हवाहवासा आणि अल्पायुषी असतो, हे त्यास कोणी सांगत नाही. म्हणजे घोटाळा होतो तो परिचित वस्तूपाशी, तिचा कोणता गुण कवीला अभिप्रेत आहे, या एकाच मुद्द्यावर.

आणि हा मुद्दा उलगडण्याचे साधन त्याच मुलाच्या दप्तरात असते. उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साम्यवाचक शब्द ही चौकडी तो मराठीच्या तासाला शिकतो. भेद राखून साधर्म्य सांगणे ती उपमा आणि अभेद कल्पिणे ते रूपक, हा अकराव्या शतकातील मम्मटाचा विवेक त्याच्यापर्यंत पोहोचलेला असतो. साम्यवाचक शब्द हे या चौकडीतील सर्वांत गौण अंग, कारण तो गाळला तरी उपमा टिकते. आपण मात्र परीक्षेचा सारा डोलारा त्यावरच उभारला आहे! उलट त्या सुनीतात प्रिय व्यक्ती उन्हाळ्याहून सरस ठरते, उपमेय उपमानावर मात करते. याला व्यतिरेक म्हणतात, हे दादरचा शाळकरी विद्यार्थी बिनचूक सांगेल, मात्र इंग्रजीच्या तासाला त्याला तसे कोणी विचारले पाहिजे.