पेटीवाल्याने नटाकडे बघावं

'दशावतार' हा मराठी सिनेमा पाहून निघालेला प्रेक्षक दिलीप प्रभावळकरांबद्दलच बोलतो, आणि त्यात वावगं काही नाही. सिनेमा आला तेव्हा वय वर्षं 81. भूमिका बाबुली मेस्त्रीची, म्हणजे सगळं आयुष्य दशावतारी खेळांत घालवलेल्या आणि आता नजर अधू होत चाललेल्या नटाची. मुलगा माधव म्हणतो, बाबा, आता पुरे. बाबुलीला पुरे करायचं नाही. प्रभावळकर आणि सिद्धार्थ मेनन यांनी ही ओढाताण इतकी सहज केली आहे की पुढे खाण, जंगल आणि खलनायक आले नसते, तरी मी पैसे वसूल म्हटलं असतं.

पण ते येतात. मग बाबुली एकेक अवतार धारण करून सूड घेऊ लागतो. कल्पना झकास आहे. ज्याने जन्मभर देव रंगवले, त्याने अखेरीस देवाचं काम अंगावर घ्यावं, हे कोकणात कोणाला खटकायचं नाही. मला खटकला तो आवाज. प्रभावळकरांची पापणी हलली की मागे अख्खा वाद्यमेळ उठतो. त्यांचा चेहरा जे आधीच सांगून बसलेला असतो, तेच संगीत पुन्हा ओरडून सांगतं.

सिंधुदुर्गात जत्रेला रात्रभर दशावतार पाहिलेल्यांना ठाऊक आहे की तिथे लिखित संहिता नसते, नट आयत्या वेळी बोलतो. त्यामुळे पेटी, पखवाज आणि झांजवाल्यांचं लक्ष नटावर खिळलेलं असतं. तो थांबला की तेही थांबतात. दिग्दर्शक सुबोध खानोलकरांनी मात्र उत्तरार्धात नटालाच संगीतामागून धावायला लावलंय. ज्या कलेवर सिनेमा काढला, तिच्याकडूनच एवढं उचलता आलं असतं.

12 सप्टेंबर 2025ला 'दशावतार'सोबत 'आरपार' आणि 'बिन लग्नाची गोष्ट' असे आणखी दोन मराठी सिनेमे लागले. एकाच शुक्रवारी तिघांनी एकमेकांचे प्रेक्षक ओढायचे आणि मग पडदे मिळत नाहीत म्हणून गळा काढायचा! असो.

त्याच्या पुढच्या शुक्रवारी आला रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं'. त्याच वर्षी जानेवारीत सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचं ज्युरीचं सर्वोच्च पारितोषिक मिळवलेला सिनेमा. यात पार्श्वसंगीत अजिबात नाही. मुंबईत कॉल सेंटरमध्ये काम करणारा आनंद वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. काय खायचं, कुठे निजायचं, पायात काय घालायचं नाही, हे सगळं भाऊबंद ठरवतात. त्यातच लग्नाचा विषय निघतो. आनंदला पुरुष आवडतात हे आईला माहीत आहे, आणि ती नातेवाइकांना परस्पर थोपवते. लहानपणीचा मित्र बाळ्या भेटतो, त्याच्याही मागे लग्नाचा लकडा आहेच.

एवढ्या ऐवजावर दुसऱ्या कोणी चार रडारडीचे प्रसंग आणि एक गाणं बसवलं असतं. कानवडे कॅमेरा ठेवतात आणि हलवत नाहीत. आनंद आणि बाळ्या झालेले भूषण मनोज आणि सूरज सुमन शेजारी बसून जे बोलत नाहीत, ते आपल्याला ऐकू यायला लागतं. (मागच्या रांगेतल्या गृहस्थांचा फोनही फार स्पष्ट ऐकू आला, पण त्याला दिग्दर्शक काय करणार?) जयश्री जगताप यांची आई तर त्या वर्षीच्या माझ्या यादीत सगळ्यात वर. समजूतदारपणाचं भाषण न देता समजूतदार असलेली आई मराठी पडद्यावर फार दिवसांनी दिसली. काही दृश्यं जरुरीपेक्षा लांबली आहेत, दोन-तीनदा माझी चुळबुळ झाली. ती मी खुशीने सोसली, कारण आता काय वाटून घ्यायचं हे मला कोणी सांगत नव्हतं.

नीरज घेवान यांचा हिंदी 'होमबाउंड'ही पाहिला. पोलीसभरतीची आस धरलेले दोन मित्र, एक दलित, एक मुसलमान, आणि मग टाळेबंदी. शेवटच्या टप्प्यात ईशान खट्टर आणि विशाल जेठवा यांच्या वाटेत घेवान फारसे येत नाहीत, म्हणूनच तो भाग अंगावर येतो. त्यावर सविस्तर पुन्हा कधीतरी.

'दशावतार'ला जाणार असाल तर जरूर जा. फक्त उशिरा पोचायची सवय एवढ्यापुरती मोडा आणि पॉपकॉर्नची रांग मध्यंतरानंतरच लावा. प्रभावळकरांचं सगळ्यात चांगलं काम पहिल्या तासाभरातच आहे.

— बाल्कनीवाला