विश्लेषण: घरात रेडॉन वायू आहे का? खापरमध्ये आधी काय तपासायला हवं?

अमेरिकेत जानेवारी हा रेडॉनविषयी जागृतीचा महिना मानला जातो. तिथे घर विकत घेताना छत, प्लंबिंग यांच्यासोबत रेडॉनचीही तपासणी करून घेतात. न्यू जर्सीत घर घेतलेला भाचा हे फोनवर सांगतो आणि इकडे प्रश्न पडतो: आपल्या घराचं काय? अक्कलकुवा तालुक्यात, गुजरातच्या सीमेजवळ असलेल्या खापरमध्ये कुणी ऑनलाइन मीटर मागवावं का?

आधी रेडॉन म्हणजे काय ते पाहू. जमिनीतल्या खडकांत थोडं युरेनियम असतंच. त्याचं विघटन होत होत रेडियम आणि रेडियमपासून रेडॉन वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. उघड्यावर तो विरून जातो, पण जमिनीच्या भेगांतून बंद घरात शिरला की साचतो. त्यातून तयार होणारे किरणोत्सारी कण श्वासावाटे फुप्फुसात बसतात. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या कारणांत धूम्रपानानंतर रेडॉनचं नाव येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना रेडॉनमुळे असलेला धोका न ओढणाऱ्यांपेक्षा सुमारे २५ पट जास्त असतो.

हा प्रश्न जगासमोर आला तो जरा विचित्र पद्धतीने. डिसेंबर १९८४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लिमरिक अणुवीज प्रकल्पात स्टॅनली वॉट्रस नावाचे इंजिनिअर कामावर *आत येताना* रेडिएशनचा अलार्म वाजला. प्रकल्प तर अजून सुरूही झाला नव्हता! तपास केल्यावर कळलं की किरणोत्सार ते घरूनच घेऊन येत होते. त्यांच्या घरात दर घनमीटर हवेत सुमारे १ लाख बेकरेल रेडॉन होता. जागतिक आरोग्य संघटना १०० च्या आत ठेवा म्हणते, शक्यच नसेल तर ३०० च्या वर नको.

खापरची गोष्ट वेगळी आहे. इथली जमीन दख्खनच्या काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसॉल्टची. ग्रॅनाइटच्या तुलनेत बेसॉल्टमध्ये युरेनियम कितीतरी कमी असतं. शिवाय अमेरिकेतल्यासारखी तळघरं इथे नाहीत. कुडाच्या भिंती आणि कौलांच्या घरात हवा खेळती राहते. स्लॅबच्या, लहान खिडक्यांच्या नव्या घरात ती तेवढी खेळत नाही, हे मात्र खरं. बोअरच्या पाण्यातही थोडा रेडॉन विरघळलेला असू शकतो.

तरी मोजायचंच असेल तर? कोळशाची डबी दोन ते सात दिवस ठेवून झटपट चाचणी होते. पण रेडॉन दिवसागणिक, ऋतूगणिक बदलतो, म्हणून तीन महिने किंवा त्याहून जास्त काळाची चाचणी अधिक भरवशाची. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने अशा मोजणीसाठी बारीक छिद्रांचा छोटा डोसीमीटर तयार केला आहे. त्यात एक खास फिल्म असते. अल्फा कण आदळले की तिच्यावर खुणा उमटतात. नंतर ती प्रयोगशाळेत रसायनात बुडवून खुणा मोजतात. कुठल्याही पद्धतीत उपकरण झोपायच्या किंवा बसायच्या खोलीत ठेवायचं, स्वयंपाकघरात किंवा न्हाणीघरात नाही. एक-दोन दिवसांच्या आकड्यावरून घाबरून जाण्यात अर्थ नाही.

पण खापरच्या घरातल्या हवेबद्दल बोलायचं तर विषय चुलीपाशी येतो. स्वयंपाकाच्या धुरासह घरातल्या हवेच्या प्रदूषणामुळे २०२० मध्ये जगभरात अंदाजे ३२ लाख मृत्यू झाले, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गॅसची जोडणी घरोघरी पोहोचू लागली. पण जोडणी असणं आणि रोजचा स्वयंपाक गॅसवर होणं, या दोन वेगळ्या गोष्टी. रिफिलला रोख पैसे लागतात, सरपण रानातून येतं. पावसाळ्यात तेच सरपण ओलं असतं, दार लावलेलं असतं आणि चुलीपुढे बाई तासन् तास बसलेली असते, बऱ्याचदा मांडीवर मूल घेऊन.

हा धूर मोजायला उपकरण लागत नाही. चुलीच्या वरची भिंत काळी झाली आहे का, स्वयंपाक करताना डोळे चुरचुरतात का, एवढं पाहिलं तरी पुरतं. ऑनलाइन मिळणारं रेडॉनचं मीटर मात्र तो दाखवत नाही. मीटरला जेवढे पैसे लागतात, तेवढ्यात काही रिफिल येतात, नाहीतर चुलीवर धुरांडं बसतं आणि समोरासमोर दोन झरोके पाडता येतात. झरोके पाडले तर रेडॉनही त्याच वाटेने बाहेर जातो.